नस काढलेल्या दाढेची तक्रार

मी लिफ्टमध्ये अडकले तेव्हा बाहेरून एक शांत आवाज आला. "मॅडम, आता एक झटका बसेल. मग थोडी घरघर होईल. दोन मिनिटं लागतील, घाबरायचं काही नाही."

अगदी तसंच झालं. दार उघडलं, समोर लिफ्ट दुरुस्त करणारा... डोळे हसरे आणि डावा गाल टम्म.

"दाढ?" मी विचारलं.

"नाही, गालच असा आहे."

"मी दातांची डॉक्टर आहे."

"मग दाढच," तो म्हणाला.

त्याच मजल्यावरच्या माझ्या दवाखान्यात एक्स-रे काढला, सूज उतरायला गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी तो खुर्चीत बसला. आठव्या मजल्यावर दोरीला लटकणारा माणूस, पण 'रूट कॅनाल' ऐकून पांढराफटक पडला.

"म्हणजे नक्की काय करणार?"

"इंजेक्शन देऊन दाढ बधिर करायची. वरून भोक पाडून आतली नस काढायची, मग पोकळी साफ करून भरायची. शेवटी वर टोपी. तीनदा यावं लागेल."

"नस... काढायची?"

"तीन मुळांतून."

"तीन?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती मुळं मीच लावली होती.

"एक टोचणी बसेल," मी म्हटलं. "मग थोडी घरघर होईल. घाबरायचं काही नाही."

हे वाक्य आपलंच आहे हे कळायला त्याला जरा वेळ लागला. मग तो हसला — आणि तेवढ्यात मी सुई घातली.

"दुखलं?"

"कधी दिलंत?" त्याला दुसरा धक्का बसला.

दुसऱ्या वेळी मला बसला. तोंडात कापूस असलेला माणूस मधे बोलत नाही, त्यामुळे मी बोलत सुटले. आईने माझ्यासाठी पाहिलेल्या मुलाबद्दल सांगत होते, तोच याचा डावा हात वर. हात वर म्हणजे दुखतंय, असं आमचं ठरलेलं. मी घाईने कापूस काढला.

"दुखतंय?"

"नाही. पण त्या मुलाला तुम्ही काय सांगितलंत, ते राहिलं."

"नको म्हणून सांगितलं."

"बरं," तो म्हणाला आणि आज्ञाधारकपणे तोंड उघडून बसला.

तिसऱ्या वेळी टोपी बसली. अशी चपखल, की पहिल्यांदाच मला माझ्या कामाचा राग आला. "आता यायची गरज नाही," मी म्हटलं. तो खुर्चीतून उठायला फार वेळ लावत होता... आणि मी हातमोजे काढायला.

आठ दिवसांनी तो पुन्हा हजर.

"थंड पाणी लागतंय त्या दाढेला. पार मस्तकात कळ जाते."

मी हादरले. कापसावर थंडगार फवारा मारून दाढेला लावला. "लागतंय?"

"फार."

"हिची नस मी काढली आहे. तुमच्यासमोर. आता हिला बर्फात पुरलं तरी पत्ता लागायचा नाही."

त्याचे कान लाल झाले.

"मग माझंही ऐका," तो हळूच म्हणाला. "आठ दिवसांत या मजल्यावरून लिफ्टच्या पाच तक्रारी आल्या. 'आवाज येतो.' पाचही वेळा मी आलो, पाचही वेळा तुमचं दार बंद, आत पेशंट. लिफ्टला काहीही झालेलं नाही, मॅडम. शेवटी दाढ घेऊन आलो."

आता पांढरं पडायची पाळी माझी होती. पण एक गोष्ट जुळेना.

"पाच? मी तर तीनच..."

"दोन माझ्या," बाहेरच्या काउंटरवरून आमच्या रिसेप्शनिस्ट मावशींचा आवाज आला. फाईलमधून मान वर न काढता त्या म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्या भरवशावर राहिले असते, तर माझीच कवळी बसवायची वेळ आली असती."

"मावशी," मी म्हटलं, "यांची फाईल बंद करा. पुढे काही झालं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवा."

त्याचा चेहरा उतरला. "इतकं रागावलात?"

"पेशंटबरोबर मी आइस्क्रीम खायला जात नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने ती डावी बाजू चाचपून पाहिली. "थंड... चालेल?"

"त्या बाजूने खा."

लिफ्ट निमूट खाली निघाली. दोघेही आरशात बघत होतो, एकमेकांकडे.

"आवाज येतोय?" त्याने विचारलं.

मी कान दिला. लिफ्ट अगदी गप्प होती.

"येतोय," मी म्हटलं. "उद्या परत येऊन बघावं लागेल."