एकसष्ट आभार

मृदुला हेरवाडेने चहाचा कप नवऱ्यापुढे ठेवला आणि ती वाट पाहत बसली. अर्धांगवायूनंतर श्रीपालरावांचा हात सुधारला, वाचा काही परतली नाही. एक शब्द उच्चारायला त्यांना दोन-तीन मिनिटं लागत.

दवाखान्याने आता वाक्‌पट्टा सुचवला होता. तो गळ्याभोवती बांधायचा. स्नायूंची हालचाल टिपून आणि जुनी ध्वनिमुद्रणं ताडून तो माणसाच्याच आवाजात वाक्य पुरं करी. चाचणीत पट्टा स्वच्छ म्हणाला, "मृदुला, मी मजेत आहे." दोन वर्षांनी तो आवाज ऐकून तिला रडू आवरेना. पण वाक्य संपल्यावर श्रीपालरावांनी मान हलवली होती, नाही म्हणून.

"सवय नाही अजून," डॉक्टरबाई म्हणाल्या. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता.

मुलीने, प्राचीने, पुण्याहून तिला 'अबोल घरं' या चर्चागटात घातलं. वाचा गेलेल्यांच्या घरच्या माणसांचा तो गट. "आई, आधी चार दिवस नुसतं वाच. मग ओळख करून दे. एका वेळी एकच प्रश्न विचार."

मृदुलाने नियम काटेकोर पाळले. पाचव्या दिवशी तिने लिहिलं, "पट्टा लावावा का?" मिनिटभरात एकसष्ट उत्तरं आली. सगळी आपुलकीची, शुद्ध मराठीत, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं: अवश्य लावा.

इचलकरंजीत हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीशी दोन शब्द बोलणारी बाई ती. तिने एकसष्ट जणांचे एकसष्ट वेळा, नावानिशी आभार मानले. त्यात दुपार झाली. कुणी हूं की चूं केलं नाही. मग एक संदेश आला: "ओ बाई, एवढे आभार कायले मानता? मोबाईल वाजू वाजू डोस्कं उठलं माझं!"

लिहिणारे होते गोंदियाचे यादोराव कापगते. मृदुला ओशाळली. नावापुढे नंबर होता, तिने सरळ फोनच लावला.

"चुकलं माझं, भाऊ. बाकी कुणी काही बोललं नाही, म्हणून मला वाटलं..."

"बाकीचे कायले बोलतीन? ते प्रतिसदस्य आहेत." गटातली ती सोयच होती. सेवा करून दमलेल्या माणसाने आपल्या जुन्या लिखाणावरून एक प्रतिसदस्य घडवून घ्यायचा. पुढे तोच त्याच्या नावाने उत्तरं देई. "एक-एक करून सारे दमले. सालभरापासून मी एकटाच माणूस आहो इथं."

मृदुलाला धडकीच भरली. तिने विचारलं, "तुमच्याकडं पट्टा होता?"

"होता ना. माझी बायको सरू लय गोड बोलायची त्याच्यात. एक दिवस तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं अन् पट्टा म्हणे, मी बरी आहे. त्याच दिवशी काढला."

"आता बोलतात?"

"पाच शब्द बोलते. त्यातले तीन मले शिव्या आहेत." ते हसले. "पर तुमच्या घरचं तुम्ही पाहा, बाई. त्याहिले विचारलं का?"

तिने विचारलं नव्हतं. एकसष्ट जणांना विचारून झालं होतं आणि समोर बसलेला माणूस राहिला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

चहाचा कप घेऊन ती श्रीपालरावांसमोर येऊन बसली. "अहो, पट्टा लावायचा का?" त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. चहावर साय धरली. मध्ये एकदाही तिने शब्द पुरवला नाही.

"मी... बोल... तो," ते म्हणाले.

तिने दवाखान्याला नकार कळवला. त्या आवाजासाठी जीव तुटला, तरी कळवला.

फोन पुन्हा वाजला. गटाची सूचना होती: "आपण दमलेल्या दिसता. आपला प्रतिसदस्य नेमू का?" तिने 'नाही' दाबलं. खाली साताऱ्याच्या कुणा नव्या बाईने लिहिलं होतं: सासऱ्यांना पट्टा लावावा का? मिनिटभरात एकसष्ट उत्तरं येऊन पडली होती.

मृदुला एका बोटाने टाइप करू लागली. पण बासष्टावं उत्तर माणसाचं आहे, हे त्या बाईला कशावरून कळणार होतं?