खोट्या पेशंटची खरी गाठ

बायको गेल्याचं सांगताना तो रडला, तेव्हा तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. आणि पाचच मिनिटांनी तोच माणूस बाहेरच्या बाकावर मजेत चहात बिस्कीट बुडवताना दिसला, तेव्हा ती दारातच थिजली.

डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती ती. फॅमिली डॉक्टरचं काम शिकायला सहा आठवडे या दवाखान्यात आलेली. इथल्या डॉक्टरबाई विद्यार्थ्यांना पेशंटशी बोलायला शिकवायच्या, आणि त्यासाठी नाटकात कामं करणारा हा तरुण, त्यांनी कागदावर लिहून दिलेलं दुखणं घेऊन, खोटा पेशंट होऊन यायचा. तिला मात्र हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे... तुमची बायको गेलेली नाही?"

"अजून आलेलीच नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही रुमाल पुढे केलात ना, तेव्हा क्षणभर मलाही खरं वाटलं."

ती तरातरा निघून गेली. याच्या थापांना पुन्हा भुलायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं. पण तो कधी पोटदुखीवाला दुकानदार व्हायचा, कधी झोप उडालेला मास्तर.

"झोप का येत नाही?" तिने कोरड्या आवाजात विचारलं.

"एक डॉक्टर सारखी डोळ्यांसमोर येते."

"हे तुमच्या कागदावर लिहिलंय?"

"नाही... हे पदरचं."

डॉक्टरबाई खाली मान घालून हसू दाबत राहिल्या.

चौथ्या आठवड्यात तो घसादुखीचा पेशंट होता. तिने त्याच्या मागे उभं राहून गळ्यावर बोटं टेकवली, आवंढा गिळायला सांगितलं. बोटांखालून गोटीसारखं काहीतरी टणक वर सरकलं. तिने पुन्हा चाचपलं.

"हे... कागदावर आहे?"

तो हसायला लागला. मग वळून त्याने तिचा चेहरा पाहिला.

"नाही," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी स्वतः तपासलं आणि त्याच दिवशी त्याला मोठ्या इस्पितळात पाठवलं. गाठ कॅन्सरची निघाली. वेळेत सापडलीय, शस्त्रक्रियेने पूर्ण बरे व्हाल, असं बाईंनी समजावलं, तेव्हा त्याने तिलाही तिथे बसायला सांगितलं होतं. हुकमी रडणारा तो माणूस खुर्चीचा हात घट्ट धरून बसला. तिने नकळत त्याच्या हातावर हात ठेवला... आणि काढला नाही.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. आवाज तेवढा बसला होता. ती भेटायला गेली, तेव्हा त्याची आत्या उशाशी संत्रं सोलत होती. त्याने खुणेने तिला जवळ बोलावलं. ती वाकली.

"माझ्याशी लग्न कराल?" नुसती कुजबुज.

आत्याच्या हातातलं संत्रं खाली पडलं. "अजून गुंगीत आहे का हा?" आत्याने विचारलं.

ती उत्तर न देता बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ओळख जेमतेम दीड महिन्याची, त्यातही निम्मा वेळ हा दुसराच कुणीतरी असायचा! मग ती आत गेली.

"बोलायचं नाही. आवाज आला की विचारा, तेव्हा बघू."

त्यानंतर अठराव्या दिवशी, ती परीक्षेला निघताना फोन वाजला. घोगरा, अडखळता आवाज. "मी काय म्हणत होतो... तुम्ही..."

"हो," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली.

"हे... कागदावर आहे?" पलीकडून त्याने विचारलं.