खंडेनवमीची सायकल

"गुन्हेगार मला ठाऊक आहे, बाई. मला पुरावा हवाय."

कृष्णराव थोरात खुर्चीत ताठ बसून बोलले. इतिहास शिकवून निवृत्त झालेला हा माणूस तीन दिवस झोपला नसावा, हे यतीनलाही कळलं. त्याला त्यांची दया आली. यतीनला दया चटकन येते आणि संशयही. दोन्ही बहुधा चुकीच्या माणसाबद्दल.

चारुलता मुळ्ये नुसती ऐकत होती. विमा कंपन्यांसाठी अपघाती गाड्या तपासण्यात तिची बारा वर्षं गेली. आता सुदामानगरात तिचं स्वतःचं तपासाचं ऑफिस होतं आणि मामेभाऊ यतीन तिचा मदतनीस.

हकीकत अशी होती. कृष्णरावांची एकुलती मुलगी उर्वी दसऱ्याच्या सकाळी सायकल गटाबरोबर निघाली. दीड किलोमीटरवर पुलाचा उतार लागला आणि मागच्या चाकाने दगा दिला. मांडीचं हाड मोडलं.

"ब्रेक लागले नाहीत?" यतीनने विचारलं.

"तिच्या सायकलला ब्रेकच नाहीत. फिक्सी म्हणतात. चाक फिरतं तोवर पायडल फिरतं. पायांनी पायडल अडवलं की चाक अडतं. त्या दिवशी पाय अडवले, पण चाक थांबलंच नाही. मागचं दातेरी चक्र मोकळं झालं होतं." कृष्णरावांचा आवाज चढला. "आठच दिवस आधी हरी पवारने ते चाक बसवलं होतं. मी तक्रार दिलीय. ठाण्याचे टीआयसाहेब म्हणाले, उद्यापर्यंत काहीतरी ठोस आणा, त्याला आत घेतो."

"घरी कोण कोण असतं?" चारुलताने विचारलं.

"मी आणि उर्वी. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली."

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी सायकल कुठे होती?"

"देवघरासमोर. खंडेनवमी ना! आमचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. घरात तीन तलवारी आहेत. शस्त्र असो की वाहन, पुसून, तेल देऊन, कसून मगच पूजेला मांडायचं, ही आमची रीत. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं साग्रसंगीत झालं." ते खुर्चीत पुढे सरकले. "पोरीला माझ्याशिवाय कोणी नाही, बाई. त्याला सोडू नका."

चारुलता म्हणाली, "ज्याने केलं, त्याला मी सोडणार नाही. मग तो कोणीही असो."

*

सायकल थोरातांच्या अंगणात उभी होती. माळेचे सुकलेले झेंडू अजून हँडलला लोंबत होते.

चारुलताने पाना घेतला आणि मागच्या चाकाचा नट सोडायला गेली. तो हलेना. शेवटी यतीनने त्यावर सगळं वजन टाकलं, तेव्हा कुठे तो करकरत सुटला. सीटचा नट तसाच, हँडलचा तसाच. उजव्या पायडलने तर यतीनच्या तळहाताला फोड आणला. डावं पायडल मात्र चारुलताच्या बोटांनीच फिरलं.

"पडताना सैल झालं असेल," हात चोळत यतीन म्हणाला.

"पडल्याने पायडल वाकतं, यतीन. फिरून सुटत नाही."

मागच्या चाकाच्या हबवर दातेरी चक्र मोकळं डुगडुगत होतं. ते जागेवर धरणारी खाचांची कडी, म्हणजे लॉकरिंग, आटे सोलत बाहेर सरकली होती. तिच्या दोन खाचांवर छिन्नीचे ताजे घाव होते, दोन्ही एकाच बाजूने घातलेले. घाव तांबडे दिसत होते.

"गंज," यतीन म्हणाला.

चारुलताने टाचणीने तो तांबडेपणा खरवडला आणि कागदावर घेऊन वास घेतला. "कुंकू. अगदी तळापर्यंत गेलंय."

*

हरी पवारच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. कोणीतरी त्यावर खडूने 'खुनी' लिहिलं होतं. पुसायचीही त्याला उमेद उरली नव्हती.

"तीन दिन से एक ग्राहक नाही, ताई," तो म्हणाला. "आजोबा हुकमचंद मिलमध्ये फिटर होते. आमच्या घरात आजवर कोणाचा नट सैल राहिला नाही, कसम से. उद्या पोलीस नेणार म्हणतात. पोरीची शाळा इथेच समोर आहे. तिच्यासमोरूनच नेतील."

"लॉकरिंग कशाने कसता?" चारुलताने विचारलं.

त्याने भिंतीवरचा आकड्याचा पाना काढला. टेबलावर एक चाक होतं. पान्याचा आकडा खाचेत अडकवून त्याने कडी डावीकडे फिरवली.

"अरे भिया, सोडताय की कसताय?" यतीनने विचारलं.

"कसतोय! हिचे आटे उलटे असतात. पाय अडवले की चक्र सुटायला बघतं, ही त्याच्या उलट आवळते. सायकलीत बाहेरून दोनच जागी असं असतं, ही आणि डावं पायडल. बाकी सगळं सीधं."

"छिन्नी कधी वापरता?"

हरीला तो प्रश्न अपमानासारखा लागला. "हा पाना असताना छिन्नी कोण मारेल? आणि देखो, माझ्याकडून नेल्यावर उर्वीताई सात दिवस रोज चालवत होत्या. ढिली असती तर पहिल्याच सिग्नलला समजलं असतं ना!"

*

अर्पित जोशी हा उर्वीच्याच गटातला. पुढच्या महिन्याच्या शर्यतीसाठी दोघांतून एकाचीच निवड व्हायची होती. उर्वी पडल्यावर जागा आपोआप त्याची झाली. यतीनने मनातल्या मनात त्याला बेड्याही घातल्या.

"हो, दसऱ्याला निघायच्या आधी मी तिच्या सायकलजवळ एकटा होतो," अर्पितने मान्य केलं. "बाकीचे पोहे खायला गेले होते. सायकल आडवी पडलेली, मी उचलून उभी केली. हात कुंकवाने लालेलाल झाला, यार. तेवढंच."

"तुला या सायकलीची पुरी माहिती आहे?" यतीनने विचारलं.

"हाव. फिक्सी मी स्वतः जोडतो."

"बघितलंस?" बाहेर येताच यतीन उसळला. "फायदा याचा, संधी याला, ज्ञान याला!"

"ज्ञान आहे, हीच तर अडचण आहे," चारुलता म्हणाली.

*

उर्वीने हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"केस बंद करा, ताई. कोणाचीच चूक नाही. मेटल होतं, तुटलं."

"मग हरीभिया उद्या आत जातील."

उर्वीचे डोळे भरून आले. तिने मान भिंतीकडे वळवली.

"नवमीला पूजेआधी तू कुठे होतीस?"

"आंघोळीला. बाहेर ठकठक चालली..." ती म्हणाली, आणि लगेच ओठ मिटून घेतले.

चारुलताने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या दहा वाजता सगळ्यांना इथेच बोलावते. मला जे दिसतंय, ते मी बोलणार."

*

दुसऱ्या दिवशी खोलीत कृष्णराव खिडकीशी, अर्पित दाराशी आणि हरी कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. मधल्या स्टुलावर मागचं चाक ठेवलेलं होतं.

चारुलताने सुरुवात केली. "लॉकरिंग छिन्नीने फिरवली गेली. घावांच्या बाजूवरून कळतं की ती उजवीकडे फिरली. तिचे आटे उलटे, म्हणजे उजवीकडे फिरवली की ती सुटते. आता प्रश्न एवढाच, कधी आणि कोणी?"

"अर्पितने, दसऱ्याच्या सकाळी," यतीनला राहवलं नाही.

"घावांच्या तळाशी कुंकू होतं. घाव आधी, कुंकू नंतर. म्हणजे छिन्नी पूजेच्या आधी चालली. अर्पित पोचला तो पूजा झालेल्या सायकलीजवळ. तो सुटला."

अर्पितने इतका मोठा श्वास सोडला की यतीनला ओशाळं वाटलं.

"म्हणजे हरीच!" कृष्णराव गरजले. "पूजेआधी सायकल त्याच्याकडेच होती!"

"हरीभियांकडे आकड्याचा पाना आहे, छिन्नीची गरज नाही. शिवाय त्यानंतर उर्वी सात दिवस सायकल चालवत होती. खरी गोष्ट सायकलीच्या बाकीच्या नटांनी सांगितली. चाकाचा, सीटचा, हँडलचा नट आणि उजवं पायडल, सगळं इतकं आवळलेलं की यतीनचा हात सोलला. सैल फक्त दोनच गोष्टी. लॉकरिंग आणि डावं पायडल."

हरीने चमकून मान वर केली. "दोन्ही उलटे आटे!"

"बरोबर. घातपात करणारा बाकीचे नट आवळत बसत नाही. या माणसाने अख्खी सायकल जीव ओतून कसली. सगळं उजवीकडे, जसं आपण कोणीही कसू. कडीला पाना बसेना, म्हणून छिन्नी लावून हातोडी मारली. कडी फिरली, त्याला वाटलं, आवळली. ती सुटत होती, हे त्याला ठाऊकच नव्हतं. सायकलीतला जाणकार ही चूक करणार नाही. सायकल तेव्हा घरात होती. घरात दोघं होते. त्यातली एक आंघोळीला होती आणि तिने हातोडीचा आवाज ऐकला होता."

सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे वळल्या. यतीनला सगळ्यात शेवटी कळलं.

"पूजेला मांडायच्या आधी," कृष्णराव पुटपुटले. "प्रत्येक नट... मी स्वतः..." त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "ब्रेक नाहीत म्हणून मला भीती वाटायची. म्हटलं, निदान काही सैल नको राहायला."

"बाबा, मी म्हणूनच सांगत होते, केस बंद करा," उर्वी रडत म्हणाली.

चारुलता म्हणाली, "तू बाबांना वाचवत होतीस, उर्वी. पण त्या भरात एक निर्दोष माणूस बुडत होता."

कृष्णराव हरीसमोर गेले. यतीनला वाटलं, म्हातारा कोसळणार. पण त्यांनी पाठ ताठ केली आणि हात जोडले.

"हरीजी, तुमच्या शटरवरची ती अक्षरं मी माझ्या हाताने पुसणार. आधी ठाण्यात चला. तक्रार मागे घेतो आणि लेखी देतो, माझ्या मुलीला मी पाडलं म्हणून."

"असं नका लिहू, काका," हरी म्हणाला. "लिहा, चूक झाली."

"चूक कोणाची, तेही लिहावं लागतं."

ते दाराकडे निघाले. खाटेजवळून जाताना मात्र त्यांनी मान खाली घातली, हात मागे बांधले आणि भिंतीला लागून चालू लागले.

"बाबा, मला उठून बसायचंय," उर्वी म्हणाली. "हात द्या ना."

"नर्सला बोलावतो."

"नर्स नको."

कृष्णराव जागीच उभे राहिले. उर्वीने हात पुढे केला, आणि तो मागे घेतला नाही, बाबा जवळ येईपर्यंत.