धुक्यातले दोन दिवे

ही गोष्ट खरी आहे.

नाही पटली तर सोडून द्या, माझा आग्रह नाही. पण ज्याच्यावर ती गुदरली तो माझा सख्खा मामा आहे, आणि तो थापा मारणाऱ्यांतला नाही. त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. उद्या देतो म्हणाला की खरोखर उद्याच गाडी देणारा मेकॅनिक तुम्ही कधी पाहिलाय? तो माझा मामा.

आणखी एक सांगते. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं वाटत असेल तर तेही डोक्यातून काढून टाका.

हे घडलं भर दुपारी.

उन्हाळ्यात, पार उत्तरेला. त्या दिवसांत तिथे सूर्य धड मावळतसुद्धा नाही. माणूस नाही, झाड नाही. नुसती दलदल, आणि तिच्यातून गेलेला एक खडीचा रस्ता.

मामाबरोबर होता त्याचा जिवलग मित्र. म्हणजे माझे बाबा.

दोघं एका बाकावर बसून शिकलेले. पुढे बाबांचं मामाच्या बहिणीशी, म्हणजे माझ्या आईशी लग्न झालं, तेव्हापासून मामा सगळ्यांना सांगत सुटला, "काल ज्याला गाढवा म्हणायचो त्याला आज दाजी म्हणावं लागतंय." बाबाही कमी नव्हते. भर दुकानात, चष्म्याची गिऱ्हाइकं समोर बसलेली असताना, फोनवर "बोला मेव्हणे महाराज" असं ओरडायचे.

मोटारसायकलवरून उत्तरेचं टोक गाठायचं हे त्यांचं तरुणपणापासूनचं वेड. मी शाळेत होते त्या वर्षी एकदाचं जमलं.

निघताना आई दारात उभी होती. मामाला म्हणाली, "दादा, गाडीचं काही का होईना. मला माणूस परत हवाय."

"आणतो गं. एवढं मोठं धूड, हरवेल कुठे?" मामा म्हणाला.

सगळे हसले. बाबासुद्धा.

मामाचे प्रवासाचे नियम कडक होते. मामा पुढे, बाबा मागे. खडीचे दगड उडतात म्हणून दोघांत चांगलं लांब अंतर. मामाने आरशात मागचा दिवा बघत राहायचं. हॉर्नची भाषा ठरलेली. दोन छोटे म्हणजे सगळं ठीक. एक लांब म्हणजे थांब, मी अडचणीत आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं... मागचा अडकला तर त्याने गाडी सोडून हलायचं नाही. दिवा चालू ठेवायचा, हॉर्न वाजवायचा. पुढच्याने परत यायचं.

बाबांच्या दिव्याचं एक होतं. वायरिंगमध्ये कुठेतरी ढिलं झाल्यामुळे दिवा सारखा कमीजास्त व्हायचा. मामा चिडवायचा, "दाजी, तुमची गाडी मला डोळा मारतेय." दुरुस्त करायला अर्धा तासही लागला नसता. पण आरशात तो लुकलुकणारा दिवा दिसला की मामाला बरं वाटायचं. घरी गेल्यावर बघू, असं म्हणून त्याने तो तसाच ठेवला.

त्या दुपारी धुकं उतरलं.

आधी दलदल दिसेनाशी झाली. मग रस्त्याच्या कडेचे खांब. मग पुढच्या चाकापलीकडचं सगळंच.

मामाने वेग कमी केला. आरशात पाहिलं. दिवा होता. लुकलुकत होता.

थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं.

दिवा नव्हता...

मामा थांबला. इंजिन बंद केलं. हेल्मेट काढून कान देऊन ऐकत राहिला. येईल. आत्ता येईल.

काही नाही.

पाखरू नाही, वारा नाही. स्वतःच्या श्वासाचा आवाजही त्याला मोठा वाटायला लागला. त्याने दोन छोटे हॉर्न दिले.

उत्तर नाही.

मामाने गाडी वळवली आणि आल्या रस्त्याने परत निघाला. तोंडाने एकच चाललं होतं, "दाजी, आता मस्करी नको. दाजी, आता मस्करी नको."

बरंच मागे आल्यावर समोरून आवाज आला.

एक लांब हॉर्न.

मामाच्या जिवात जीव आला. धुक्यात, रस्त्याच्या मधोमध, एक दिवा दिसत होता. बराच लांब होता, पण होता. मामाने गिअर टाकला...

आणि दुसरा हॉर्न वाजला.

तोही लांब. पण समोरून नाही. डावीकडून, खालून, दलदलीतून.

मामाने मान वळवली. तिथेही एक दिवा होता.

ह्या रस्त्यावर ते सकाळपासून दोघंच होते. एकही गाडी आडवी गेली नव्हती. मग हे दोन दिवे कुणाचे?

"दाजीऽऽ!" तो जिवाच्या आकांताने ओरडला.

रस्त्यावरून एक लांब हॉर्न.

दलदलीतूनही एक लांब हॉर्न.

दोन्ही आवाज बाबांच्याच गाडीचे. मामाने आयुष्यभर हॉर्न दुरुस्त केलेत, त्याला गाडीचा आवाज कळतो. दोन्ही अगदी सारखे.

धुकं दाट होत होतं. दोन्ही दिवे फिकट व्हायला लागले. एकाकडे गेलं तर दुसरा दिसेनासा होणार हे उघड होतं, आणि दलदलीचं पाणी बर्फासारखं. त्यात अडकलेला माणूस किती टिकणार?

मामा रडकुंडीला आला. देवाला हाका मारून झाल्या, स्वतःला शिव्या देऊन झाल्या. मग त्याने डोळे पुसले आणि मेकॅनिकच्या नजरेने दोन्ही दिव्यांकडे पाहिलं.

रस्त्यावरचा दिवा स्थिर होता. जराही हलत नव्हता.

दलदलीतला दिवा लुकलुकत होता.

ठरलं.

गाडी रस्त्यावर उभी करून मामा खाली उतरला. पाणी घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. थंडीने श्वास अडकत होता. दर पावलाला चिखल बूट ओढून घेत होता.

मागे रस्त्यावरचा हॉर्न आता थांबायलाच तयार नव्हता. लांब. लांब. पुन्हा लांब. कुणीतरी वेडं झाल्यासारखं बटण दाबत होतं.

मामाला ते सहन होईना. त्याने मागे न बघता ओरडून सांगितलं, "मर तिकडे!"

हॉर्न क्षणभर थांबला...

मग पुन्हा सुरू झाला. पण आता हळू.

मामा दिव्याजवळ पोचला आणि दिवा विझला.

पाण्यात बाबा होते. छातीपर्यंत बुडालेले, ओठ निळे पडलेले. मामाने त्यांना मिठीच मारली.

"गाडी कुठाय?"

"बुडाली," बाबा म्हणाले.

"हेल्मेट?"

"बुडालं."

मामा पुढे काही विचारत बसला नाही. बाबांना काखेत धरून, ओढत, फरफटत त्याने रस्त्यावर आणलं. त्यात त्याचा जीव अर्धा झाला. बाबांचं अंग इतकं गार होतं की धरलेला हात बधिर होत होता. सामान बांधायचा पट्टा सोडून त्याने बाबांना मागच्या सीटवर स्वतःच्या कमरेशी बांधलं.

दुसरा दिवा अजून तिथेच होता.

मामाची नजर तिकडे गेली, तसे बाबा त्याच्या कानाशी म्हणाले, "तिकडे बघू नकोस. चल."

मामाने गाडी वळवली आणि उलट दिशेने सोडली. पुढे कुठेतरी रस्ता दुरुस्त करणाऱ्या कामगारांचा तळ होता. तिथे नर्स होती, गरम खोल्या होत्या. तिथवर पोचायचं, बस.

मागून हॉर्न येत राहिला. आरशात दिवा लहान लहान होत गेला. मग आरसा पांढरा झाला आणि हॉर्नही थांबला.

मामाला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात मागून, धुक्यातून, माणसाची हाक आली...

"मेव्हण्याऽऽ! अरे थांब ना!"

आवाज बाबांचा होता.

पण बाबा तर पाठीला चिकटून बसले होते. मामाला त्यांचे हात पोटावर जाणवत होते. ते हात आणखी घट्ट झाले.

मामा हेल्मेटच्या आत ढसाढसा रडला. पण थांबला नाही. हाक पुन्हा आली, मग आणखी लांबून आली, मग यायची बंद झाली.

तळावर सगळ्यांनी धावाधाव केली. बाबांना ब्लँकेटात गुंडाळलं, शेगडीजवळ झोपवलं. नर्सने दोनदा नाडी पाहिली आणि म्हणाली, "इतकं गार अंग मी जिवंत माणसाचं पाहिलेलं नाही. नशीबवान आहेत तुमचे मित्र."

मामा बाहेर पायरीवर येऊन बसला. बहिणीला काय सांगायचं ते मनात जुळवत होता. माणूस परत आणला होता. गाडी गेली तर गेली.

तेवढ्यात तळावरचा ट्रकवाला आला. मागे एक मोटारसायकल टाकलेली होती.

"ही तुमचीच ना?"

बाबांची गाडी. चाकांना रस्त्याची धूळ. बाकी चिखलाचा एक शिंतोडा नाही.

"दलदलीतून काढलीत?"

"छे हो. रस्त्यावरच स्टँडला उभी होती. चेन तुटलीय बघा. चावी चालू, दिव्याचं बटण चालू, बॅटरी पार उतरलेली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं."

मामा खाली बसून तुटलेली चेन बघत राहिला.

चेन तुटली म्हणजे गाडी जागची हलणार नाही. उभ्या गाडीचं इंजिन बाबा बंदच करणार. आणि तो दिवा लुकलुकायचा तो फक्त इंजिन चालू असताना, त्याच्या हादऱ्याने ढिली वायर हलली की. इंजिन बंद असेल तर नुसत्या बॅटरीवर तो स्थिरच राहणार, अगदी स्थिर. शिकाऊ पोरालाही हे कळतं. आणि पाण्यात बुडालेल्या गाडीचं इंजिन चालू कसं असेल, हेही.

बाबांनी नियम पाळला होता. गाडी सोडून हलले नव्हते. दिवा लावून, हॉर्न वाजवत, मामाची वाट बघत राहिले होते.

"बुटांचे ठसे होते," ट्रकवाला सांगत होता. "गाडीपासून निघालेले, इकडे तळाच्या दिशेने. चांगले लांब लांब, धावत आल्यासारखे."

"मग?"

"मग काही नाही. मधेच संपले."

मामा उठून त्याच्या अंगावरच धावला. "चला, आत्ता चला, शोधू या. तो तिथेच असेल!"

"कोण?"

"माझा मित्र!"

ट्रकवाल्याने खिडकीतून आत बघितलं. शेगडीजवळ बाबा झोपलेले होते. मग तो मामाला समजावत म्हणाला, "अहो, तुम्ही दोघं निघालात. दोघंही इथे आहात. मग शोधायचं कुणाला?"

तरी मामा गेला. धुकं सरल्यावर रोज गेला, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. काही मिळालं नाही. शेवटी बाबांना घेऊन तो घरी आला.

ह्याला आता बरीच वर्षं झाली.

बाबा आमच्यात आहेत. दुकानात जातात, संध्याकाळी घरी येतात. सगळं त्यांना आठवतं. माझा वाढदिवस, शेजाऱ्यांची नावं, जुन्या गमतीजमती. कसलीही खोट काढता येत नाही.

फक्त ते चिडत नाहीत. पूर्वी जेवणाला उशीर झाला की घर डोक्यावर घ्यायचे. आता कितीही उशीर होऊ दे, शांत बसून राहतात आणि आमच्याकडे बघतात. आणि त्यांचे हात उन्हाळ्यातही गारच असतात.

परत आल्यावर काही महिन्यांनी आईने मामाला एकट्याला गाठलं होतं. मी दाराआड होते. "दादा, माझ्या डोळ्यांत बघून सांग. तू नक्की ह्यांनाच आणलंस ना?"

मामाने तेव्हा तिला सगळं सांगितलं. तेच मी तुम्हाला सांगतेय.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मामा एकटा उत्तरेला जातो. त्या रस्त्यावर गाडी उभी करतो, दिवा लावतो आणि हॉर्न वाजवत बसतो. दोन छोटे. मग ऐकत राहतो. गॅरेज बुडायला आलंय, तब्येत पार खालावलीय, पण जायचं सोडत नाही.

यंदाही परवा निघायच्या आधी तो आमच्याकडे आला होता. आईने डबा भरून दिला. बाबा त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले, मीही मागे होते.

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मामा शहारला ते मला दिसलं.

"कशाला रे दरवर्षी इतक्या लांब जातोस?" बाबा अगदी मायेने म्हणाले. "मी इथे आहे ना."

मामाने मान खाली घालून हेल्मेट चढवलं. पट्टा त्याला लागेना, शेवटी तो मला लावून द्यावा लागला.