आज गाडी जाणार नाही

“धाकू, वयर बस आनी ब्रेक दाब!”

आवाज गाडीच्या पोटाखालून आला. विनिताने इकडेतिकडे पाहिलं. धाकू म्हणून कोणी तिथे नव्हतं, असलाच तर कधीच सटकला होता. शाळेत शिकवून घरी जाताना श्रावणातली सर अंगावर आली, म्हणून ती पेडण्याच्या बाजारापलीकडच्या या झावळ्यांच्या मांडवात शिरली होती. मांडवात एक लाल, बुटकी, दोनच सीटांची विलायती गाडी होती. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते आणि सगळीकडे तेलाचा वास सुटला होता.

“आयकलें मरे? दाब!”

आता शहाण्या मुलीने काय करावं? घसा खाकरावा आणि ‘मी धाकू नव्हे’ असं सांगून मोकळं व्हावं. विनिताने छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली, साडीचा घोळ सावरला, गाडीत बसली आणि ब्रेक दाबला.

“धर!”

“धरलो,” ती म्हणाली.

खाली एकदम सामसूम… मग डोकं आपटल्याचा आवाज. पाठोपाठ एक तरुण सरपटत बाहेर आला. गालावर काळ्या तेलाचा पट्टा, कपाळावर ताजं टेंगूळ आणि डोळे हे एवढे मोठे.

“तुमी… तुमी कोण?”

“ता मगीर. निपल आवळलास काय? नायतर माझो पाय सुटलो की हवा परत भितर जातली.”

तो जसा आला तसाच मुकाट परत गाडीखाली सरकला. गौरेशची आणि विनिताची ओळख झाली ती अशी. नाव-गाव विचारायच्या आधीच तिने त्याला कामाला लावलं होतं.

ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायची तर माणसं दोन लागतात. एक खाली, पाना घेऊन, हवा सोडायची तोटी म्हणजे निपल उघडायला-आवळायला. दुसरं वर, पेडलवर पाय ठेवून. खालचा म्हणेल तेव्हा दाबायचं, म्हणेल तोवर धरायचं आणि त्याने सांगितल्याशिवाय पाय हलवायचा नाही. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. विनिताला हे सगळं पाठ होतं, कारण तिचे वडील डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी ट्रकचा ब्रेक दाबायला लेकीलाच बसवायचे. त्याच डिचोलीच्या एका उतारावर ब्रेक गेला आणि तिचे वडीलही गेले. तेव्हा ती लहान होती. आई, सुलोचनाबाई, तिला घेऊन पेडण्याला मामाकडे आली आणि इथेच राहिली.

गौरेश वीजखात्यात कारकून होता. ही गाडी पोर्तुगीज अमदानीत डिचोलीच्या एका खाणमालकाने हौसेने आणवली होती. हौस फिटल्यावर ती तिथे हिशेब लिहिणाऱ्या गौरेशच्या काकांच्या अंगणात येऊन पडली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. काकांनी ती भाच्याला नाही, पुतण्याला दिली, कारण भाच्याने अक्कल शाबूत असल्यामुळे नको म्हटलं होतं. पुतण्याने ट्रकवर घालून घरी आणली आणि जाहीर केलं की मेकॅनिकचा हात तिला लागणार नाही, सगळं मी स्वतः करीन. करत होता बिचारा. इंजिन सुरू व्हायचं तेव्हा शेजारची कुत्री गाव सोडून जायची.

पुढच्या रविवारी विनिता छत्री घेऊन पुन्हा त्या रस्त्याने गेली. त्या दिवशी पाऊस नव्हता आणि ऊनही बेताचंच होतं.

“छत्री कित्याक?” गौरेशने गंभीरपणे विचारलं.

“वत लागता.”

“बरें केलें. मांडवांत भितर सरा, वत चड आसा.”

तिने हसू दाबलं खरं, पण गालांनी चहाडी केली.

मग रविवारमागून रविवार गेले. तो कार्बोरेटर उघडायचा, ती पेट्रोलच्या वाटीत बुडवून एकेक भाग ब्रशने घासायची. मामीला सांगायची, शाळेचं काम आहे. चतुर्थी येऊन गेली. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, राजभाषेचा वाद अजून ताजा होता. मांडवामागच्या भिंतीवर एका अंगाला मराठीच्या घोषणा होत्या, दुसऱ्या अंगाला कोंकणीच्या, आणि पावसाने दोन्ही सारख्याच ओघळल्या होत्या.

“बाई, तुमी मराठी शिकयतात,” तो एकदा म्हणाला, “आनी म्हजेकडेन झगडटात मात कोंकणींतल्यान.”

“झगडताना शुद्धलेखन कोण बघता?”

“आनी मोग करताना…?”

हातातला पाना एकदम जड झाला. तिने तो खाली ठेवला आणि ब्रश उचलला. पण त्या दिवसापासून ‘तुमी’चं ‘तूं’ झालं आणि कोणी केलं ते दोघांनाही आठवेना.

प्रेम होतं ते. विनिताला स्वतःला फसवायची सवय नव्हती. पण आईचा पण तिला ठाऊक होता, सगळ्या गावालाच ठाऊक होता. ज्या घराच्या दारात गाडी, त्या घरात माझी मुलगी जाणार नाही. सुलोचनाबाई आजवर दोन चांगल्या स्थळांना यावरून नाही म्हणाल्या होत्या. म्हापशाला जायचं तर बसमध्ये डोळे मिटून बसायच्या. आणि आईला दुखवून संसार थाटायचा, हे विनिताला जमणारं नव्हतं. या बाईने तिच्यासाठी काय काय सोसलं ते तिने पाहिलं होतं.

गौरेशला कळलं तेव्हा त्याने गाडीच्या दारावर हात ठेवला.

“विकून उडयतां,” तो म्हणाला.

“नको. गाडी विकून माका हाडलंस, तर दर रविवारी रिकाम्या मांडवाकडे बघशीत आनी मगे माझ्याकडे. माका तसा बघलेला नको.”

तिने आईलाच गळ घातली, एकदाच त्याच्या गाडीत बसून बघ. जेवण नाही की खाणं नाही असं नाटकी काही नव्हे. रोज भांडी घासताना, हळूहळू, एकच विनवणी. शेवटी सुलोचनाबाई कंटाळून म्हणाल्या, “दसऱ्याक बसतंय. तेच्या घरापासून देवळापर्यंत. माका भिया वाटला, तर विषय संपलो. परत त्या झिलाचा नाव काढूचा नाय.”

म्हणजे एकच संधी. रस्ता लहानसाच होता, पण देवळाआधी चिरे बसवलेली उभी उतरण होती.

दसऱ्याच्या सकाळी गाडी अशी सजली की ओळखू येईना. टपाला तेल, चाकांना कुंकू, बॉनेटवर झेंडूचा हार. गौरेशच्या आईने, पद्मावतीबाईंनी, नारळ ओवाळला. शेजारी जमले. कोणी तोंडाने बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं की आज नुसती गाडी निघत नाहीये. सुलोचनाबाई पांढऱ्याफटक पडून पुढच्या… म्हणजे एकुलत्या एक शेजारच्या सीटवर बसल्या. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. विनिताला जागाच नव्हती. ती दाराशी उभी होती.

गौरेश बसला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं, लोकांनी टाळ्या पिटल्या. त्याने ब्रेक दाबला. सोडला. पुन्हा दाबला. गाडी हातभर पुढे घेतली, थांबवली. मग चावी फिरवून इंजिन बंद केलं.

“गाडी आज वचची ना,” तो म्हणाला.

“कित्याक रे?” शेजारच्या बाबलीकाकांनी विचारलं.

“पेडल जड लागता. सोडलें तरी परत येना.” त्याचे कान लाल झाले होते. “ब्रेकाचें तेल उणें पडिल्लें. दुकान बंद आशिल्लें, म्हूण हांवें घरांतलें इंजिनाचें तेल घातलें. म्हजी चूक. रबर फुगले आसतले, उतरणेर ब्रेकाचो भरवंसो ना.”

“आरे, ब्रेक लागता न्ही? मगीर? देवळाक वतना देव सांबाळटा! काड गाडी!”

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, कारकुनाने पेन धरावं, पाना नको. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण गौरेशने मान खाली घातली आणि ते विनिताला सहन होईना. ती वाकली, त्याच्या कानाशी कुजबुजली, “गौरेश, हळू घे ना… पयल्या गिअरात. आजचोच दिवस. परत ती बसूची नाय रे!”

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे.

“तुजी आई बसल्या, विनिता,” तो म्हणाला.

बस, एवढंच. विनिताला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सुलोचनाबाईंनी दार उघडलं आणि खाली उतरल्या. आता संपलं, असं विनिताला वाटलं. आई घराकडे वळेल आणि उद्यापासून या माणसाचं नाव घरात निघणार नाही. पण आई वळली नाही. ती बॉनेटला वळसा घालून गौरेशच्या बाजूला आली.

“हिच्या बापाशीकय म्हायत होता,” ती म्हणाली. आवाज हळू होता, माणसं जवळ सरकली. “सकाळीच माका सांगितल्यान, पेडल धड लागणा नाय. मुकादम म्हणालो, खनिजाची बार्ज धक्क्याक लागली हा, येकच खेप मार. चार ड्रायव्हर हसले. तेका नको म्हणाक जमला नाय. भित्रो म्हणतीत, ह्याचीच तेका लाज.” तिने पदराने डोळे पुसले. “इतकी वर्सां मी गाडयेक शिव्या घातलंय. गाडी काय करतली…”

विनिता हे पहिल्यांदाच ऐकत होती. ब्रेक अचानक गेला, एवढंच तिला आजवर माहीत होतं.

“काकी, आयतारा नवे रबर घालतां,” गौरेश कसाबसा म्हणाला. “मगीर…”

“मगीर बघूया. उतर आता, देवळात चालत जावया. तरंगां भायर काढतीत.”

सगळेजण तरंगं, म्हणजे लुगडी नेसवलेले देवाचे खांब, पाहायला निघाले. हार घातलेली गाडी मांडवात एकटीच राहिली. उतरणीचे शेवाळलेले चिरे रात्रीच्या पावसाने ओले होते. सुलोचनाबाई कडेला थबकल्या, खाली पाहिलं आणि मागे न बघताच हात पुढे केला.

“हात दी रे झिला. निसरडा आसा.”

गौरेशने तेलकट हात आधी पँटला पुसला, मग दिला. दोघं एकेक चिरा जपून उतरू लागली. विनिता वरच उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर सगळं धूसर होत होतं आणि ती हसतही होती.

अर्ध्या उतरणीवर आई थांबली. “विनिता, थयसर काय करतंस गो? बेगिन ये. ह्याचो दुसरो हात रिकामो आसा!”

विनिताने चपला काढून हातात घेतल्या आणि धावत सुटली.