शांतवनकाकांच्या अंगणातली टक्कर

"जरा थांबा बाई… ती अंडी माझी हायेत."

सुवार्तानं मान वर केली. साळूबाईच्या अंड्यांच्या पाटीपलीकडं एक उंच, सावळा तरुण उभा होता आणि त्यानं खुशाल पाटीच्या काठावर हात ठेवला होता. उद्या ईस्टर. माधवनगरच्या घरी सगळ्या चुलतभावंडांची पोरं जमलेली, रंगासाठी कांद्याची सालं चुलीवर उकळत असलेली, आणि सांगलीच्या अख्ख्या बाजारात गावरान अंडी उरली होती ती एवढीच. अशा वेळी मागं सरेल तर ती सुवार्ता कसली!

"तुमची? कोंबडीनं सांगितलं व्हय?"

तो हसला. "सकाळी मावशीला सांगून गेलतो. बहिणीच्या पोरास्नी रंगवायला पाहिजेत."

"म्हंजे तुमीबी ईस्टरला…"

"मग? असल्या उन्हात आमलेट खायला आलोय व्हय कोयनेस्नं?"

साळूबाईला उन्हाचा ताप आधीच पुरेसा झाला होता. "निम्मी-निम्मी घ्या आन् वाटंला लागा," ती म्हणाली.

दोघं अंडी निवडू लागली. तो एकेक अंडं उचलून पुढच्या दातांवर हळूच वाजवत होता. सुवार्ता बघतच राहिली.

"हे काय चाललंय?"

"कवच टणक असलं की आवाज टणक येतो. अंड्यावर अंडं आपटायच्या टकरीत तेच जिंकतं." त्यानं एक अंडं तिच्यापुढं धरलं. "वाजवून बघा की."

तिनं वाजवून बघितलं. आवाजातलं तिला काही कळलं नाही. त्याचे डोळे मात्र हसरे आहेत, एवढं नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या उपासनेला तो समोरच्याच बाकावर. उपासना संपल्यावर ईस्टरच्या रीतीप्रमाणं तिच्याही जवळ येऊन म्हणाला, "प्रभू उठला आहे." "खरोखर उठला आहे," सुवार्ता म्हणाली खरी… पण तिची झोप उडाली ती त्या दिवसापासून.

त्याचं नाव सयाजी. कोयनानगरच्या वीजप्रकल्पात वायरमन. सांगलीतल्या भाच्यांवर त्याचं प्रेम एकाएकी इतकं उतू जाऊ लागलं, की दर महिन्याला एस.टी. पकडून स्वारी हजर. भाच्यांना घेऊन तो नदीवर फिरायला जाई आणि सुवार्ताही चुलतभावाच्या बनीला घेऊन नेमकी तिथंच पोचे. पोरं वाळूत खेळत, आणि ही दोघं घाटाच्या पायरीवर बसून जगातलं सगळं बोलत, फक्त एक सोडून. शेवटी एका संध्याकाळी तेही झालं.

"तिकडं… करमंल का तुमाला?" त्यानं पाण्याकडं बघत विचारलं.

"तुमी असणार न्हवं तितं?"

"मी तर असणारच."

"मग कशाला विचारता?"

नाताळात सयाजीची बहीण रीतसर मागणी घालायला आली. सुवार्ताच्या शांतवनकाकांनी चहा पाजला, पोराचं कौतुक केलं आणि नकार दिला. कोयनेच्या भूकंपाला सात-आठ वर्षं झाली होती, तरी धक्के अजून अधूनमधून येतच. "जितं जमीन जागेवर ऱ्हाईना, तितं मी पोरगी द्यायचा न्हाई," काका म्हणाले. काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सुवार्ताचा बाप ती रांगत असतानाच गेला. गिरणीत पाळ्या करून तिला वाढवलं ते काकांनी. त्यांच्याशी भांडायला तिची जीभ रेटेना. पण सयाजीला सोडायला मनही तयार नव्हतं.

मग तिला आठवली ती काकांनीच लावलेली घरची रीत. ईस्टरला उपासनेहून आलं, की अंगणात अंड्यांची टक्कर व्हायची. ज्याचं अंडं शेवटपर्यंत शाबूत, त्यानं काकांकडं एक गोष्ट मागायची आणि काकांनी ती द्यायचीच. पोरं फुगा मागत, सर्कस मागत. या वर्षी आपण काय मागायचं, हे सुवार्तानं ठरवून टाकलं. बाजारात जाऊन तिनं दातांवर इतकी अंडी वाजवली, की साळूबाईनं तिला चहा विचारला.

ईस्टरच्या सकाळी अंगण भरून गेलं. सणाचं बोलावणं साऱ्या मंडळीला असे, त्यामुळं सयाजीची बहीणही सयाजी आणि पोरांसकट आलेली. सुवार्ताच्या अंड्यानं एकेकाची वाट लावली आणि समोर सयाजी आला. त्यानं गुपचूप आपल्या अंड्याची बसकी, लवकर फुटणारी बाजू पुढं केली.

"टोक पुढं करा," ती हळूच म्हणाली. "उपकाराचं जिंकणं मला नगं."

"हरलीस तर?"

"तर हरंन."

त्यानं टोक पुढं केलं. टक्! त्याचंच फुटलं. सुवार्ता काकांकडं वळणार, तोच पाच वर्षांची बनी फ्रॉकच्या खिशातून अंडं काढत पुढं आली. "माजं ऱ्हायलंय की."

टक्! फुटलं ते सुवार्ताचं. पोरांनी एकच गिल्ला केला.

"माग, बने," काका म्हणाले.

"आज मला कुणी आंगूळ घालायची न्हाई."

सगळं अंगण हसलं. काकाही हसले, गुडघ्यावर हात टेकून उठू लागले.

"काका, बसा," सुवार्ता म्हणाली. "मी हरले. म्हणून आता मागत न्हाई, सांगते. मी सयाजीशी लगीन करणार आन् कोयनेला ऱ्हाणार. जमीन हलली तर दोघं मिळून धरून बसू. तुमचा आशीर्वाद मिळाल्याबिगर मातूर मी हितनं पाऊल उचलायची न्हाई. कितीबी वरसं लागूंद्यात."

काकांचा चेहरा आधी रागानं लाल झाला, मग हळूहळू उतरला. परक्या गावाला जायला निघालेली ही बाई आपल्याच घरात कधी मोठी झाली, हे त्यांना समजत नसावं. मग ते सयाजीकडं वळले.

"घराला कौलं हायेत का रं तिकडं?"

"न्हाई काका… पत्रा हाय."

"पत्रा बरा," काका म्हणाले. "डोक्यावर पडला तरी माणूस वाचतं." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "लगीन मातूर हितंच हुईल. माझ्या अंगणात."

सयाजी त्यांच्या पाया पडायला वाकला. त्याच्याशेजारी सुवार्ताही वाकली आणि काकांच्या पायांवर तिला इतकं रडू कोसळलं, की उठवता उठवेना.