कपाळाचा रुपया

योगेंद्र भंगाळेला कुणी विचारलं की बाबा, तू या नाण्यांच्या धंद्यात पडलास कसा, तर तो हसून झुलाल नानांचं नाव सांगायचा. तरुणपणी तो एका खतांच्या कंपनीसाठी धुळ्यात फिरायचा आणि नाना म्हणजे तिथले जुने नाणेवाले. रुपया अंगठ्याच्या नखावर उडवायचे, डोळे मिटून नाद ऐकायचे आणि खरा की खोटा ते सांगायचे. योगेंद्र चार वर्षं त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला. मग नोकरी सोडली आणि जळगावला बाजारातल्या एका गल्लीत छोटंसं दुकान टाकलं. पुढची बावीस वर्षं त्यानं पुणे, इंदूर, नागपूरची प्रदर्शनं केली, खेडोपाडी हिंडून लोकांच्या जुन्या पेट्या उघडल्या. माणूस वाईट नव्हता. घेताना जरा हात आखडायचा एवढंच. खोटं नाणं मात्र त्यानं कधी कुणाच्या गळ्यात मारलं नव्हतं.

मागच्या वैशाखात त्याला ईश्वर नावाच्या माणसाचा फोन आला. ईश्वर नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता, गाव तिथून सात-आठ किलोमीटरवर. वडील, चुडामण आबा, दिवाळीत वारले होते. घरात चांदीचे काही जुने रुपये होते, ते काढायचे होते. असे फोन योगेंद्रला महिन्यातून दोन-चार यायचे. सकाळच्या सुरत पॅसेंजरनं तो निघाला, नरडाण्याला उतरला आणि एका जीपमध्ये दाटीवाटीनं बसून बाराच्या सुमारास गावात पोहोचला.

त्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या वर होता. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. घरांची दारं लावलेली, पत्रे तडतडत होते आणि गरम वाऱ्याबरोबर कुठून तरी जळक्या तुराट्यांचा वास येत होता.

ईश्वरनं फडक्यात बांधलेले नऊ रुपये सतरंजीवर ओतले. राणीछाप, राजाछाप, सगळे नेहमीचे. योगेंद्रनं वाजवी भाव सांगितला, ईश्वरनं मान डोलावली. काम संपलं होतं. उठता उठता योगेंद्रची नजर देव्हाऱ्याकडे गेली. तिथे आणखी एक रुपया होता, गुलालानं माखलेला.

"तो बघू का जरा?"

कोपऱ्यात भिंतीला टेकून ईश्वरची आई बसली होती, भिकुबाई. सत्तरीच्या पुढची, काटकुळी. 

"तो इकाना नही, भाऊ," ती म्हणाली. "तो कपाळना रुप्या शे."

"म्हणजे?"

"आमना घरमा कोनी गये, का त्याना कपाळले तोच लावतस. गुलालमा भिजाडीसन. चिता पेटाडाना पहिले काढी लेतस." तिनं बोटं मोजली, शेवटच्या बोटाला आबांच्या फोटोकडे पाहिलं. "मना आजलसासरा, सासरा, सासू, मना दीर, आनि आते ह्या. बठ्ठासले तोच लागना." मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माले बी तोच लागी."

"विकू नका. नुसता बघतो," योगेंद्र म्हणाला.

त्यानं रुपया तळहातावर घेतला आणि सालावरचा गुलाल बोटानं बाजूला सारला. एकोणचाळीस सालचा होता. त्या सालचा रुपया नाणेवाल्याला आयुष्यात एकदा दिसला तरी पुष्कळ. अडतीसचा आकडा कोरून केलेले खोटे त्यानं ढीगभर पाहिले होते. हा खोटा नव्हता. गुलालाखालून आकडा स्वच्छ, टाकसाळीतून आला तसा दिसत होता.

ईश्वरचा फोन वाजला आणि तो बोलत बाहेर गेला. भिकुबाई पाहुण्यासाठी पाणी घ्यायला माठाकडे वळली. योगेंद्रच्या खिशात लोकांना दाखवायला म्हणून ठेवलेला चाळीस सालचा रुपया होता. तोच राजा, तेवढाच आकार. बोटावरचा गुलाल त्याला फासायला आणि देव्हाऱ्यात ठेवायला त्याला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. बावीस वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. पण हाताला जणू आधीपासून सवय होती.

भिकुबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. तो पाणी पीत असताना ती त्याच्याकडे बघत होती. रागानं नाही. दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन आलेल्या माणसाकडे आपण बघतो तशी.

परतीच्या गाडीत जागा असूनही त्याला बसवेना. अमळनेरपर्यंत तो दारातच उभा राहिला. पुन्हापुन्हा खिसा चाचपत होता.

घरी आल्यावर त्यानं रुपया प्लॅस्टिकच्या हवाबंद डबीत घातला, डबी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. बायकोला, कोकिळाला, काही बोलला नाही. घरात ती दोघंच. मुलगी पुण्याला नोकरीला. कोकिळानं जेवायला वाढलं, हा दोन घास खाऊन उठला.

दुसऱ्या दिवशी डबी उघडून बघायची त्याला हिंमत होईना, म्हणून बाहेरूनच बघितली. डबीला आतून दव आलं होतं. जळगावच्या वैशाखात टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळतो, आणि त्या बंद डबीत पाण्याचे थेंब होते. थेंब लालसर होते. वाळून खडखडीत झालेला गुलाल ओला झाला होता, आत्ताच कुणी कालवल्यासारखा.

त्यानं डबी पुसली, नव्या डबीत रुपया घातला. तिसऱ्या दिवशी तेच. दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि हा मधेच उठून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचा. रात्री पंखा कमी कर, वाढव, खिडकी उघड, लाव. इंदूरच्या एका संग्राहकाला त्यानं फोटो पाठवला होता. तो सारखे फोन करत होता, म्हणेल ती किंमत द्यायला तयार होता. योगेंद्र फोन उचलत नव्हता. रुपया विकावासा वाटत नव्हता, ठेववतही नव्हता.

सातव्या दिवशी दुपारी तो दुकान बंद करून लवकर घरी आला. तीन वाजत आले होते. कॉलनी सुनसान होती. त्यानं आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं. आत कूलर घरघरत होता, पडदे ओढलेले, सगळीकडे हिरवट अंधार. आणि वास येत होता. कूलरच्या वाळ्याचा नव्हे. ओल्या गुलालाचा आणि उदबत्तीचा.

कोकिळा हॉलमध्ये फरशीवर उताणी झोपली होती. उन्हाळ्यात ती अशीच गार फरशीवर झोपायची. पण आज तिचे हात सरळ अंगालगत होते, दोन्ही पाय जुळलेले. आणि कपाळावर तो रुपया होता.

योगेंद्रनं शर्टाचा खिसा चाचपला. कपाटाची किल्ली खिशात होती.

"कोकिळा…"

ती हलली नाही. गुलालाचा एक ओघळ तिच्या भुवईपर्यंत आला होता. तो गुडघ्यांवर बसला आणि रुपया काढायला गेला. रुपया निघेना. बर्फासारखा गार लागत होता, आणि कातडीला असा धरून बसला होता की त्याच्या बोटांबरोबर तिचं कपाळ वर ओढलं जात होतं.  शेवटी कसंबसं तो पुटपुटला, "परत देतो… उद्याच नेऊन देतो…"

रुपया सुटून त्याच्या हातात आला.

कोकिळानं डोळे उघडले. "कधी आलात?"

"आत्ताच… तुला काही होतंय का?"

"नाही हो." ती झोपेतच हसली. "कुणीतरी कपाळावर हात ठेवला होता. गार. फार बरं वाटलं."

संध्याकाळी त्यानं झुलाल नानांना फोन लावला. नाना आता ऐंशीचे होते, धुळ्याला मुलाकडे. योगेंद्रनं त्यांना सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. 

"नाणं हातोहात फिरायला असतं, योगेंद्र," ते म्हणाले. "पण जे त्या लोकांनी फिरायचं थांबवलंय, ते आपण फिरवायचं नाही. सकाळच्या गाडीनं जा. पायावर डोकं ठेव."

"त्यांना सांगायचं कसं, नाना?"

"तोंडानं सांग. दुसरं काय."

सकाळी कोकिळाच्या कपाळावर रुपयाएवढा गोल डाग होता. तिला वाटलं घामोळं. योगेंद्रनं शेजारच्या बाईंना तिच्याजवळ बसवलं आणि तो निघाला.

गावात जीपमधून उतरला तेव्हाच त्याला समजलं. त्या दिवशीचीच रणरणती दुपार, पण आज सगळी गल्ली माणसांनी भरलेली. ईश्वरच्या दारात निंबाखाली बाज होती, बाजेखाली बर्फाच्या लाद्या विरघळत होत्या, आणि वर भिकुबाई होती.

ईश्वर लगबगीनं पुढे आला. त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"काल दुपारी गेली. तीनच्या सुमारास. बसल्या बसल्या," तो म्हणाला. "आलात ते बरं झालं भाऊ. आम्ही तुमचीच वाट बघत होतो."

"माझी?"

"आईनी काल सकाळी सांगितलं होतं… जळगावना भाऊ येवाशिवाय माले उचलू नका. आम्हाला वाटलं वयामुळे बोलतेय. पण रात्रीपासून रुपयाच टिकत नाहीये. गुलाल लावून चिकटवतो आणि बघता बघता घसरून पडतो. पाच वेळा लावला. बायका घाबरल्यात."

चाळीस सालचा रुपया उशाशी पडला होता. योगेंद्रच्या मनात आलं, मागच्या वेळी केलं तसंच आताही करावं. वाकायचं, उचलल्यासारखं करायचं, बदलायचं. कुणाला कळणार नाही. त्याचा हात खिशात गेलाही. मग त्यानं भिकुबाईच्या तोंडाकडे पाहिलं. ती अजूनही त्याच नजरेनं पाहतेय असं त्याला वाटलं, पापण्या मिटलेल्या असताना.

त्यानं मूठ सर्वांसमोर उघडली.

"हा तुमचा आहे, ईश्वरभाऊ. तिथे पडलाय तो माझा. मी बदलला होता."

 ईश्वर रुपयाकडे पाहत राहिला. त्याचा जबडा एकदा हलला. योगेंद्रला वाटलं, आता अंगावर हात येणार. यायला हवा होता. ईश्वरनं रुपया घेतला, गुलालात बुडवला आणि आईच्या कपाळावर टेकवला. रुपया बसला. बाज उचलली, खांदे बदलले, वाट खाचखळग्यांची होती, तरी तो तसूभर हलला नाही.

कुणी योगेंद्रला जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. तो सर्वांत मागून चालत गेला. चितेजवळ एका म्हाताऱ्यानं ईश्वरला रुपया काढून घ्यायची खूण केली. ईश्वरनं मान हलवली.

"राहू द्या, काका. यापुढे कुणाला नको."

ज्वाळा वर आल्या तेव्हा योगेंद्रला त्या रुपयाच्या किमतीची आठवणसुद्धा झाली नाही. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं होतं. ईश्वरच्या पाया पडायला तो वाकला, तर ईश्वर दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "घरी जा भाऊ. वहिनी एकट्या असतील."

योगेंद्र घरी आला. कोकिळा ठणठणीत होती, भाकरी थापत होती. रात्री त्यानं तिला सगळं सांगितलं. ती रागावली, रडली, दोन दिवस बोलली नाही, मग बोलायला लागली. कपाळावरचा डाग हळूहळू गेला. योगेंद्र पुन्हा दुकानात बसू लागला, रात्री झोपूही लागला. खेडोपाडी जाणं मात्र त्यानं सोडलं.

भिकुबाईला जाऊन तेरा-चौदा दिवस झाले असतील. रविवार होता. दुपारची जेवणं उरकून कोकिळा फरशीवर आडवी झाली होती आणि योगेंद्र तिच्याजवळ खुर्चीत पेपर चाळत होता. कूलर चालू होता. बाहेर ऊन नुसतं पांढरं झालं होतं.

कोकिळा भुसावळकडची, दीपनगरच्या कॉलनीत वाढलेली. वडील वीज केंद्रात होते. घरी लेवांची बोली, शाळेत मराठी. अहिराणी तिला नीट समजतही नव्हती. बाजारात कुणी बोललं की ती योगेंद्रकडे वळून विचारायची, काय म्हणाल्या हो त्या?

झोपेतच तिनं हात सरळ अंगालगत घेतले. पाय जुळवले. मग डोळे मिटलेलेच ठेवून, म्हाताऱ्या, दमलेल्या आवाजात तिनं विचारलं,

"बठ्ठा उनात का?"

योगेंद्रच्या हातातला पेपर खाली गळला. सगळे आले का, असं ती विचारत होती, मयताला उचलायच्या आधी विचारतात तसं. आणि उत्तराची वाट बघत होती. तिनं श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

दारामागे, जिन्यावर, बरीच माणसं चपला काढत असल्यासारखा आवाज झाला.

योगेंद्रला कळेना, हो म्हणावं की नाही.